चोरदरवाजा, संगणकीय
संगणकाच्या मालकाच्या नकळत, ओळख पटविण्याचे नेहमीचे मार्ग टाळून, दूरच्या व्यक्तीस त्या संगणकात प्रवेश व त्यावर ताबा मिळवून देणाऱ्या गुप्त व्यवस्थेस संगणकीय चोरदरवाजा किंवा बॅकडोअर म्हणतात. राजगडासारख्या किल्ल्याचा चोरदरवाजा अडचणीच्या प्रसंगासाठी गडकऱ्यांनीच ठेवलेला असे. संगणकातही काही चोरदरवाजे आज्ञावलीच्या रचनाकारांनीच देखभालीच्या सोयीसाठी ठेवलेले आढळतात. येथे मात्र वैयक्तिक संगणकात बाहेरून घुसविलेल्या अपायकारक आज्ञावलींचाच विचार केला आहे. संगणकीय विषाणू स्वतःच्या प्रती काढून पसरतो; चोरदरवाजाचा हेतू निमूटपणे टिकून राहणे हा असतो.

सर्वसामान्य वापरातील संगणकांना या प्रकाराचा उपद्रव १९९८ मध्ये प्रकर्षाने जाणवू लागला. त्या वर्षी ‘नेटबस’ व ‘बॅक ऑरिफिस’ या विंडोज प्रणालीचा दुरून ताबा घेणाऱ्या आज्ञावली प्रसृत झाल्या. १९९९ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठातील एका कायदे-अभ्यासकाच्या संगणकात बेकायदेशीर छायाचित्रे आढळली व त्याला आपले पद गमवावे लागले. त्याचा संगणक नेटबसद्वारे दुसऱ्याच्या ताब्यात होता, असे न्यायालयाला आढळून आल्याने २००४ मध्ये तो निर्दोष ठरला. संगणकात सापडलेली गोष्ट मालकानेच केली असेल, असे गृहीत धरता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

प्रवेश व कार्य : चोरदरवाजा बहुधा ई-पत्रासोबतच्या फायलीतून, चोरट्या प्रतीतील आज्ञावलीतून अथवा प्रणालीतील न बुजविलेल्या त्रुटीतून शिरतो. क्वचित अधिकृत आज्ञावलीही दूषित केली जाते. २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय आज्ञावलीच्या अधिकृत आवृत्तीतूनच तो सुमारे २२ लाख संगणकांपर्यंत पोहोचला. जुने चोरदरवाजे संगणकाचे एखादे द्वार, म्हणजे पोर्ट, उघडे ठेवून बाहेरच्या हाकेची वाट पाहत. अलीकडचे बहुतेक स्वतःच बाहेर संपर्क साधतात व नेहमीच्या जालवाहतुकीत मिसळून जातात; त्यामुळे केवळ आत येणारा संपर्क अडविणारी अग्निभिंत त्यांना पुरेशी पडत नाही.

ओळख : प्रतिविषाणू आज्ञावली आपोआप बंद पडणे, अपरिचित वापरकर्ता-खाते निर्माण होणे, काम चालू नसताना जालावर सतत देवाणघेवाण होणे, ही संशयाची लक्षणे होत. मात्र संगणक मंदावणे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. विंडोजमध्ये ‘नेटस्टॅट’ या आज्ञेने चालू संपर्क व त्यांच्याशी निगडित प्रक्रियांचे क्रमांक दिसतात. ते क्रमांक ‘टास्क मॅनेजर’मध्ये पडताळून प्रक्रिया कोणत्या फायलीची आहे ते शोधतात. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञावली, सेवा व नियोजित कार्ये यांच्या याद्याही तपासतात. कारण पुन्हापुन्हा जागे होण्यासाठी चोरदरवाजाला यांपैकी एखाद्या ठिकाणाचा आधार बहुधा लागतो.

या तपासणीस एक मूलभूत मर्यादा आहे. ‘रूटकिट’ प्रकारची आज्ञावली प्रचालन प्रणालीलाच फसवून स्वतःच्या फायली व प्रक्रिया यादीतून वगळते. ज्याच्यावर संशय आहे त्याचीच साक्ष घेण्यासारखे हे असते. म्हणून संशयित प्रणाली चालू न करता, दुसऱ्या निर्दोष संगणकावर तयार केलेल्या साधनावरून संगणक सुरू करून चकती तपासणे अधिक विश्वसनीय ठरते. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ केन टॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेल्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषणात याच्याही पुढे जाऊन दाखविले की, भाषांतर करणाऱ्या कंपायलरमध्येच चोरदरवाजा दडविल्यास आज्ञावलीची मूळ संहिता वाचूनही तो सापडत नाही.

निर्मूलन : प्रथम संगणक जालापासून तोडतात. पोलीस तक्रार किंवा न्यायालयीन काम संभवत असल्यास काहीही न पुसता तो तज्ञाकडे सोपवावा, अन्यथा पुरावा नष्ट होतो. प्रतिविषाणू आज्ञावली सापडलेली फाईल काढून टाकते. परंतु त्या वाटेने आत आलेल्याने दुसरी वाट करून ठेवली नाही, याची खात्री ती देत नाही. म्हणून केवळ दस्तऐवज, छायाचित्रे इत्यादींची प्रत काढून, आज्ञावली मागे ठेवून, चकती पूर्णपणे पुसणे व प्रचालन प्रणाली नव्याने बसविणे हाच खात्रीचा उपाय मानला जातो. त्यालाही अपवाद आहे. २०१८ मध्ये उघडकीस आलेला ‘लोजॅक्स’ मुख्य मंडलावरील चिपमध्ये राहत असल्याने चकती बदलूनही टिकत असे. अशा वेळी त्या चिपमधील आज्ञावली पुन्हा भरावी लागते किंवा मंडलच बदलावे लागते. सर्व परवलीचे शब्द दुसऱ्या निर्दोष संगणकावरून बदलणे आवश्यक असते; तसे न केल्यास संगणक शुद्ध होऊनही बँकेचे व ई-पत्राचे खाते परक्याच्या हाती राहते.

प्रणाली अद्ययावत ठेवणे, दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरणे व महत्त्वाच्या फायलींची प्रत संगणकाबाहेर ठेवणे, हे मुख्य प्रतिबंधक उपाय होत. भारतात २०१७ मध्ये सुरू झालेल्या सायबर स्वच्छता केंद्राने सफाईची साधने विनामूल्य उपलब्ध करून दिली. दुसऱ्याच्या संगणकात अप्रामाणिकपणे अशी आज्ञावली घुसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावासास पात्र असलेला गुन्हा आहे.