दुसरी गाडी नक्की कुणाची?

आमच्याकडे दोन गाड्या आहेत, म्हणजे परवापर्यंत होत्या. एक पाच वर्षांची एसयूव्ही आणि दुसरी 2007 सालची सेडान. ही सेडान मी 2013 मध्ये, एमएस करत असताना, भारतात परत निघालेल्या एका तेलुगू मुलाकडून 5,800 डॉलरला घेतली होती. पहिली नोकरी, लग्न, मुलीला हॉस्पिटलमधून घरी आणणं, सगळं तिच्यातून झालं. ओडोमीटरवर 1 लाख 68 हजार मैल, म्हणजे साधारण 2 लाख 70 हजार किलोमीटर. इंजिन अजून ठणठणीत. प्रश्न होता तो गाडीच्या पोटाचा.

पिट्सबर्ग हे चढ-उतारांचं शहर. हिवाळ्यात बर्फ पडायच्या आधीपासूनच रस्त्यांवर मीठ टाकतात. चाकं घसरत नाहीत, पण ते मीठ गाडीच्या खालच्या बाजूला चिकटतं आणि लोखंड खात बसतं. कोकणात समुद्रकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यात पेनसिल्व्हेनियात दरवर्षी गाडीची तपासणी सक्तीची. पास झाली तरच काचेवर नवा स्टिकर लागतो.

गेल्या नोव्हेंबरात मेकॅनिकने गाडी वर उचलून टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. दाराखालच्या पत्र्याला भोक पडलेलं, मागच्या ब्रेकच्या नळ्या गंजलेल्या. खर्च 2,150 डॉलर. गाडीची किंमत फार तर 2,800. ‘यंदा पास करून देतो, पण पुढचा सांगाडाही गंजतोय. पुढच्या वर्षी येऊ नकोस,’ असं त्याने स्पष्ट सांगितलं.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढायची, असा इथे एक ठोकताळा सांगतात. मला तो कधीच पटला नाही. ही गाडी विकून 2,800 मिळाले, तरी त्या पैशात यापेक्षा बरी गाडी मिळणार आहे थोडीच! तुलना करायची ती नव्या गाडीच्या हप्त्याशी. हप्ता 480 डॉलरच्या आसपास, म्हणजे दुरुस्ती फक्त साडेचार हप्त्यांची. शिवाय जुन्या गाडीवर आम्ही फक्त कायद्याने लागतो तेवढाच विमा ठेवला होता. कर्जाची गाडी म्हटली की पूर्ण विमा आलाच. वर आमच्या काउंटीत 7 टक्के विक्रीकर. एक्सेलमध्ये सगळं मांडलं, जुनी गाडी जिंकली. मंडळातल्या काकांनीही पाठ थोपटली, ‘चालते तोवर चालवायची.’

जानेवारीत एका संध्याकाळी बायकोचा फोन आला. गाडी पार्कवेवर, स्क्विरल हिलच्या बोगद्याच्या थोडी अलीकडे बंद पडली होती. अल्टरनेटर गेला होता. तिने कशीबशी कडेला घेतली. बोगद्यात शिरल्यावर बंद पडली असती तर कडेला घ्यायला जागाच नाही. मागच्या सीटवर चार वर्षांची लेक, हीटर बंद, बाहेर उणे नऊ. टोइंगवाला यायला पन्नास मिनिटं लागली. मी तेव्हा क्रॅनबेरीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो आणि एसयूव्ही खाली पार्किंगमध्ये आरामात उभी होती.

रात्री ती चिडलीही नाही. एवढंच म्हणाली, ‘तू सारखा दुसरी गाडी, दुसरी गाडी म्हणतोस. माझी तर ती पहिलीच आहे ना?’

मी पुन्हा एक्सेल उघडलं. दोघं घरून काम करत होतो तेव्हा माझा हिशोब बरोबर होता. जुनी गाडी चार-चार दिवस दारात उभी असायची, बंद पडली तर दुसरी होतीच. सर्व्हरच्या भाषेत सांगायचं तर ती स्टँडबाय होती. पण माझं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस सुरू झालं, तिची ओकलंडमधली लॅब पाचही दिवस, आणि दोन्ही गाड्या एकाच वेळी रस्त्यावर यायला लागल्या. स्टँडबाय उरलाच नव्हता आणि मी मात्र जुनंच गणित चालवत होतो. माझा प्रवास लांबचा म्हणून चांगली गाडी माझ्याकडे, तिचा ‘फक्त बारा मैल’ म्हणून जुनी तिच्याकडे. लेकीला डेकेअरमधून आणायचं कामही त्याच बारा मैलांत होतं, हे माझ्या एकाही रकान्यात नव्हतं. गाडी घसरू लागली तर सावरणारी स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. आमच्या 2007 च्या गाडीत ती नव्हती. घरातली सगळ्यात लहान व्यक्ती घसरड्या रस्त्यावर रोज त्याच गाडीत.

दुसऱ्या दिवशी फुकटचा उपाय केला, किल्ल्या बदलल्या. 640 डॉलरचा नवा अल्टरनेटर बसवून सेडान मी घेतली. टर्नपाइकवर शेजारून ट्रक गेला की स्टिअरिंग घट्ट धरायचो, कुठे खुट्ट झालं की रेडिओ बंद करून कान लावायचो. तिने दोन हिवाळे काढले होते. मी तीन आठवड्यांत तीन वर्षं वापरलेली एक हायब्रिड बुक केली.

सेडान विकायची जाहिरात टाकली तर नांदेडचा एक मुलगा आला, नुकताच एमएसला लागलेला. पंधराशे डॉलर रोख घेऊन. त्याला खाली वाकून गंज दाखवला, मेकॅनिक काय म्हणाला तेही सांगितलं. तो म्हणाला, ‘दादा, एक हिवाळा तर निघेल ना?’ 2013 मध्ये मीही हेच विचारलं असतं. त्याला नाही म्हटलं आणि गाडी भंगारवाल्याला 450 डॉलरला दिली.

सांगलीला फोन करून बाबांना सांगितलं. ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, ‘साडेचारशे? अरे, नवा अल्टरनेटर तरी काढून घ्यायचास.’