ईश्वरशोध

ईश्वरप्राप्तीसाठी माणसाने बुद्धिपूर्वक केलेला प्रयत्न म्हणजे ईश्वरशोध होय. असा शोध घेतल्यावाचून ईश्वर भेटतो किंवा नाही, हा भक्तिविचारातील जुना प्रश्न आहे. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत त्यावरून दोन पक्ष पडले. माकडिणीचे पिलू आईला स्वतः बिलगते, तसे भक्ताने ईश्वराला धरावे, असे मर्कटन्याय सांगतो. मांजर पिलाला तोंडात धरून नेते, तसा ईश्वरच भक्ताला उचलतो, असे मार्जारन्याय मानतो. वऱ्हाडातील धर्मपरंपरांनी या प्रश्नाचा स्वतंत्रपणे विचार केलेला दिसतो.

महानुभाव पंथाचे प्रमुख तीर्थस्थान रिद्धपूर (जि. अमरावती) हे होय. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभूंचे वास्तव्य होते. रामटेकच्या यात्रेस निघालेल्या चक्रधरांना ते वाटेत रिद्धपुरातच भेटले व त्यांच्यापासून चक्रधरांनी शक्तीचा स्वीकार केला, असे पंथीय परंपरा सांगते. पंथ दोघांनाही परमेश्वरावतार मानत असल्याने ही साधकाची कथा ठरत नाही. सामान्य जीवाविषयी पंथाचा सिद्धांत असा : जीव अनादी अविद्येने बद्ध असून स्वबळावर परमेश्वराला जाणू शकत नाही, म्हणून परमेश्वरच कृपेने मनुष्यदेह धारण करून त्याला ज्ञान देतो. पुढे मात्र स्वदेशत्याग, संबंधत्याग, भिक्षा, विजनवास व नामस्मरण हा आचार जीवाला स्वतःच पाळावा लागतो. यास ‘अनुसरण’ म्हणतात. येथे प्रयत्न हे कृपेचे मूल्य नसून कृपेला दिलेला प्रतिसाद आहे.

वारकरी संप्रदायातील पुंडलिकाच्या कथेत तर मातापित्यांच्या सेवेत मग्न असलेल्या भक्ताकडे देवच येतो आणि विटेवर तिष्ठत राहतो. अमरावती जिल्ह्यातील माधानचे प्रज्ञाचक्षू संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांनी अद्वैत व मधुराभक्ती यांचा मेळ घातला. जीव व ईश्वर मूलतः एक असतील, तर शोधणारा आणि शोधला जाणारा हा भेद अखेरीस टिकत नाही. तथापि ऐक्याचे ज्ञान झाल्यावरही प्रेमाला अवकाश राहतो, असे त्यांच्या मधुराद्वैताचे तात्पर्य सांगता येईल.

गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) शोधाची दिशाच पालटली. शेंडगाव (जि. अमरावती) येथे जन्मलेल्या व अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाकडे वाढलेल्या या संताने १९०५ मध्ये गृहत्याग केला. हाती खराटा घेऊन ते गावे झाडीत आणि रात्री कीर्तनातून नवससायास, पशुबळी व अस्पृश्यता यांवर प्रहार करीत. भुकेलेल्यांना अन्न व निराश्रितांना आसरा देणे हीच त्यांच्या लेखी देवपूजा होती. पंढरपूर, नासिक, आळंदी इ. ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभारल्या.

केवळ प्रयत्नावर भर दिल्यास ईश्वर हे श्रमाचे वेतन ठरते व दुर्बलास आशा उरत नाही. केवळ कृपेवर भर दिल्यास माणूस कर्तव्यातून सुटतो. वरील परंपरांत तत्त्वज्ञानदृष्ट्या मोठे अंतर असले, तरी हे दोन्ही दोष त्या टाळतात. ईश्वर भेटणे माणसाच्या हाती नसले, तरी त्या भेटीस योग्य असे जीवन जगणे त्याच्या हाती आहे, असा त्यांचा सामान्य आशय आहे.