मुद्रक, रंगीत (घरगुती कार्यालयासाठी)

संगणकातील मजकूर व चित्रे कागदावर रंगांत उमटविणारे साधन. निळसर, किरमिजी, पिवळा व काळा या चार रंगांच्या संयोगाने इतर छटा मिळतात. क्वचित वापर असल्यास मुद्रकाची निवड त्याच्या किंमतीपेक्षा शाईच्या स्वरूपावरून करणे योग्य ठरते. शाई-फवारा मुद्रकात द्रवरूप शाईचे थेंब अतिसूक्ष्म छिद्रांतून कागदावर पडतात. छायाचित्रे यात उत्तम उमटतात. परंतु यंत्र काही आठवडे बंद राहिल्यास शाई छिद्रांतच सुकू शकते व ती मोकळी करण्यातही शाईच खर्ची पडते. याउलट लेसर मुद्रकातील टोनर ही कोरडी भुकटी असून ती उष्णता व दाब यांमुळे कागदावर पक्की बसते. ती सुकण्याचा प्रश्न नसतो. मात्र यंत्र जड व महाग असते आणि तापताना वीज बरीच घेते.

मुंबईला रेल्वेने ये-जा करणाऱ्या नोकरदारांची मोठी वस्ती असलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत २०२० च्या टाळेबंदीत अनेकांना घरून काम करावे लागले. येथे पावसाळ्यात हवा अतिशय दमट असते. कागद ओलावा शोषून वाकतो व यंत्रात अडकतो. म्हणून उरलेला कागद बंद पिशवीत ठेवावा. काम मुख्यतः मजकुराचे असल्यास लेसर मुद्रक सोयीचा. छायाचित्रांसाठी शाई-फवारा मुद्रक घेतल्यास आठवड्यातून एक रंगीत पान काढावे. वर्षाकाठी मोजकीच पाने लागत असल्यास झेरॉक्सच्या दुकानातून ती छापून घेणे स्वस्त पडते.