स्वस्त बिनतारी संच आणि उंचावरची तार

पाच वॅट शक्तीचा, तळहातात मावणारा बिनतारी संच एका हाती आणि मोजक्या कांड्यांची हलकी यागी अँटेना दुसऱ्या हाती घेऊन एखादा परवानाधारक हौशी रेडिओचालक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील रेडिओशी संपर्क साधू शकतो, आणि जगभरचे हौशी तो वारंवार साधीत असतात. परंतु तोच संच, तितक्याच शक्तीनिशी, ताम्हिणी घाटातील एका वळणावरून डोंगराआडच्या, जेमतेम दोन किलोमीटरांवरील सोबत्याला ऐकू जाईलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. ही विसंगती केवळ वरवरची आहे; आणि तिचे कारण ज्याला नीट उमगले, त्याला कोणता संच घ्यावा, पैसा कशावर खर्चावा आणि अँटेना कोठे उभारावी, या प्रश्नांची निम्मी उत्तरे मिळालीच म्हणून समजावे.

हातातले संच ज्या लहरींवर चालतात, त्या साधारणतः १४५ किंवा ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या असतात, आणि या लहरींचा स्वभाव बव्हंशी प्रकाशासारखा, म्हणजे सरळ रेषेत जाण्याचा आहे. वातावरण त्यांना किंचित वाकवते, म्हणून डोळ्यांच्या क्षितिजाच्या थोडे पलीकडे त्या पोहोचतात एवढेच. हे रेडिओ-क्षितिज काढण्याची रीत सोपी आहे: अँटेनाच्या उंचीचे, मीटरांतील, वर्गमूळ काढून त्यास ४.१२ने गुणावे, म्हणजे किलोमीटरांत अंतर मिळते. दोन्ही टोकांची अशी अंतरे एकत्र केली की संपर्काची कमाल मर्यादा कळते. सपाट माळावर छातीशी संच धरून उभ्या असलेल्या दोन माणसांना ही मर्यादा सुमारे १० किलोमीटर येते; त्यांतील एकाने आपली अँटेना ९ मीटर उंचीच्या काठीवर चढवली की ती १७ किलोमीटरांवर जाते; आणि भोवतालच्या मुलखापेक्षा साडेसातशे मीटर उंच असलेल्या सिंहगडासारख्या माथ्यावर तीच अँटेना नेली, तर हिशेब शंभर किलोमीटरांच्या पुढे जातो. सिंहगडावर दूरचित्रवाणीचा मनोरा उभारण्यामागे हेच गणित आहे. याउलट शक्ती दुप्पट केली असता समोरच्याच्या कानी पडणाऱ्या आवाजात जो फरक होतो तो जेमतेम जाणवण्याइतका असतो, आणि मध्ये डोंगर आडवा असेल तर पाचाचे पन्नास वॅट केल्यानेही बहुधा पदरी निराशाच येते.

असे असताना बाजारात संच विकला जातो तो मात्र वॅटच्या आकड्यावर. दोन-चार हजारांत मिळणारे चिनी बनावटीचे दोन पट्ट्यांचे संच हे या विद्येच्या प्रसाराला मोठेच उपकारक ठरले आहेत, हे मी मनापासून मान्य करतो. नवशिक्याने याहून महाग काही घेण्याचे कारण नाही. मात्र त्यांतील पुष्कळ संच पोलीस, विमानसेवा, जहाजे यांच्यासाठी राखलेल्या वारंवारतांच्या आसपासही प्रक्षेपण करू शकतात, आणि कायद्याची हद्द कोठे संपते हे त्या यंत्राला ठाऊक नसते. ते ठाऊक असण्याची जबाबदारी सर्वस्वी वापरणाऱ्याची आहे. म्हणून खरेदीपूर्वी कायद्याची बाजू समजून घेणे अगत्याचे आहे. ज्याला केवळ शेतावर, लग्नघरी किंवा पदभ्रमणात एक-दोन किलोमीटरांच्या आत बोलायचे आहे, त्याच्यासाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील अल्पशक्तीचे संच परवान्याविना वापरण्याची मुभा केंद्र सरकारने २०१८च्या नियमांनी दिली आहे. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाच वॅटपर्यंत अशी सवलत त्याआधीपासूनच आहे. परवाना लागत नसला तरी संचास सरकारी प्रकार-मान्यतेचा दाखला असावा लागतो, आणि ऑनलाइन दुकानांतून सर्रास चाललेल्या बेकायदा विक्रीला आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत. विक्रेत्याने ‘परवाना लागत नाही, साहेब’ असे छातीठोकपणे सांगितले, तरी संचाची वारंवारता आणि मान्यतेचा दाखला हे दोन्ही स्वतः पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

ज्याला याहून अधिक काही करायचे आहे, स्वतः अँटेना बांधायची आहे, दूरचे ऐकायचे आहे, आपत्तीच्या वेळी उपयोगी पडायचे आहे, त्याने हौशी सेवेची परीक्षा द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या सेवेसाठी आपल्याकडे १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आहे, आणि खरी मौज तेथून सुरू होते.

आता अँटेनाकडे वळू. संचासोबत येणारी रबरी आवरणातील आखूड अँटेना ही सोयीची वस्तू आहे, गुणाची नव्हे. १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे २.०७ मीटर असते, आणि तिच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे साधारण अर्धा मीटर लांबीची तार ही कामचलाऊ अँटेनाची किमान मर्यादा होय. तीच वळी घालून वीतभर लांबीत बसवली की तिची कार्यक्षमता घटते. शिवाय चतुर्थांश लांबीच्या अँटेनाला दुसरी बाजू म्हणून जमिनीची किंवा धातूच्या पृष्ठाची गरज असते, ती हातातल्या संचात धरणाऱ्याचे शरीर कशीबशी भागवते. यावर अगदी फुकटात होणारा उपाय असा की, ४९ सेंटीमीटर लांबीची साधी वायर संचाच्या अँटेना-जोडाच्या बाहेरच्या धातूला पक्की जोडून खाली लोंबती सोडावी. ऐकण्यात आणि ऐकवण्यात दोन्हींत फरक पडतो.

घरावर उभारायची पहिली अँटेना मात्र स्वतःच्या हाताने बांधावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबाच्या परिसरात ‘एसओ-२३९’ नावाचा चौकोनी बुडाचा जोड सहज मिळतो. त्याच्या चार कोपऱ्यांना चार छिद्रे असतात. मधल्या खोबणीत ४९ सेंटीमीटर लांबीची पितळी सळई उभी डाखून घ्यावी, चार कोपऱ्यांना प्रत्येकी सुमारे ५२ सेंटीमीटरांच्या सळया स्क्रूने आवळाव्यात आणि त्या ४५ अंशांनी खाली झुकवाव्यात. हा झुकाव शोभेसाठी नसतो: सळया आडव्या ठेवल्या तर अँटेनाची विद्युत्-बाधा सुमारे ३६ ओहम राहते, आणि खाली झुकवल्याने ती संचाला हव्या असणाऱ्या ५० ओहमच्या जवळ येते. उभी सळई आरंभी सेंटीमीटरभर लांबच ठेवावी आणि मापकावर पाहत पाहत दोन-दोन मिलिमीटर छाटीत जावे, कारण कापलेली लांबी परत जोडता येत नाही. मापकावरील स्थायी-तरंग गुणोत्तर १.५ आले की परत फिरणारी शक्ती अवघी ४ टक्के असते. तेथे थांबावे, त्याहून खाली आणण्याच्या अट्टहासात संध्याकाळ घालवू नये. सळयांची टोके वळवून बोथट केल्यावाचून मात्र काम संपले म्हणू नये, कारण ती बरोबर माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात.

दिशा ठरलेली असेल, म्हणजे एकाच गावाशी किंवा एकाच पुनःप्रक्षेपकाशी बोलायचे असेल, तर यागी अँटेना घ्यावी. ती शक्ती चहूकडे न उधळता एका अंगाला एकवटते. जपानमधील सेंदाई येथील विद्यापीठात १९२६च्या सुमारास तिचा मुख्य शोध शिंतारो उदा यांनी लावला, पण जगाच्या तोंडी राहिले ते त्यांचे ज्येष्ठ सहकारी हिदेत्सुगु यागी यांचे नाव. यागी-उदा असे पूर्ण नाव घेण्याची सवय आपण लावून घ्यावी हे न्याय्य होईल. ही अँटेना उभारताना समोरच्याची अँटेना उभी असेल तर हिच्याही कांड्या उभ्याच ठेवाव्यात; एक उभी व एक आडवी झाली तर मिळवलेले सारे बळ वाया जाऊन वर तोटाच होतो.

एवढे सगळे करून माणूस फसतो तो केबलपाशी. ‘आरजी-५८’ जातीची बारीक केबल हाताळायला सोपी म्हणून सर्वत्र विकली जाते. पण १४५ मेगाहर्ट्झवर तिच्या ३० मीटर लांबीत सुमारे तीन-चतुर्थांश शक्ती उष्णतेच्या रूपाने नष्ट होते, म्हणजे पाच वॅटपैकी अँटेनापर्यंत सव्वा वॅट पोहोचतो, आणि ४३५ मेगाहर्ट्झवर तर दहावा हिस्साही पोहोचत नाही. येणाऱ्या क्षीण लहरींचीही तीच गत होते. जाड ‘आरजी-२१३’ घेतल्यास १४५ मेगाहर्ट्झवर निम्म्याहून अधिक शक्ती वाचते. आणि तितकाही पैसा नसेल तर केबल टीव्हीसाठी वापरली जाणारी ‘आरजी-६’ घ्यावी. ती ७५ ओहमची असल्याने थोडी विसंगती राहते, पण होणारी हानी बारीक केबलच्या मानाने पुष्कळच कमी असते. कोकणात आणि घाटमाथ्यावर याहून मोठा शत्रू पाणी आहे. वरच्या जोडातून शिरलेला ओलावा तांब्याच्या जाळीतून आत झिरपत जातो आणि बाहेरून धडधाकट दिसणारी केबल एका पावसाळ्यात निकामी होते. म्हणून जोडावर स्वतःच एकजीव होणारी रबरी पट्टी ताणून गुंडाळावी आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते.

डोंगर ओलांडण्याचा आणखी एक मार्ग आहे आणि तो गरिबालाही परवडतो. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी जमिनीपासून फार उंच नसलेल्या, सुमारे २० मीटर लांबीच्या आडव्या तारेतून सोडल्या तर त्या बव्हंशी सरळ वर जातात आणि दिवसा अनुकूल वेळी आयनावरणावरून परतून शेकडो किलोमीटरांच्या टापूत खाली उतरतात; मधले डोंगर त्यांना आड येत नाहीत. या पट्ट्याचे विकत मिळणारे संच महाग, परंतु हैदराबादचे अशर फरहान यांनी ‘बिटएक्स’ नावाची जी रचना या शतकाच्या आरंभी सर्वांसाठी खुली केली, तिने हा प्रश्न बराच सोडवला. परदेशी चुंबकीय कडी आपल्या बाजारात मिळत नाहीत म्हणून त्यांनी नळाच्या प्लॅस्टिक वॉशरांवर तार गुंडाळून वेटोळी बनवण्याची तजवीज केली, आणि त्या संचावरून जगभर संभाषणे झाली. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात या वॉशरांची नोंद आदराने व्हावी असे मला वाटते.

उभारणीत दोन गोष्टींबाबत तडजोड नाही. काठी कोसळली तरी विजेच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही इतके अंतर राखावे, आणि वळवाचे ढग दिसू लागताच केबल संचापासून सोडवून घराबाहेर टाकावी. अँटेनाची काठी जाड तांब्याच्या तारेने जमिनीशी जोडलेली असावी, तरीही केबल सोडवावीच.

हौशी सेवेच्या परीक्षेला वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणाही भारतीयाला बसता येते, आणि प्राथमिक श्रेणीसाठी मोर्स लिपी यावी लागत नाही. दरड कोसळून रस्ता आणि मोबाइलचा मनोरा एकदमच बंद पडतात अशा घाटाखालच्या गावांतील विज्ञानशिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, येत्या वर्षी आपल्या वर्गातील चार-पाच मुलांचे अर्ज भरून घ्यावेत, आणि निकाल लागेपर्यंतच्या मुदतीत त्यांच्याकडून पितळी सळयांची ती अँटेना बांधून घ्यावी.