डाय, मीठ आणि अंगातली ऊब

डाय देऊन सीटी स्कॅन केलेल्या माणसाच्या तोंडून अकोला-अमरावतीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं : "बाप्पा, सारं आंग तपलं! लघवीच झाली असं वाटलं." शिरेत डाय सोडला की काही सेकंदांत घशात ऊब चढते, ओटीपोटापर्यंत उतरते, तोंडाला धातूची चव येते आणि मिनिटाभरात सगळं ओसरतं. पुष्कळ जण याला ॲलर्जी समजून घाबरतात. ती ॲलर्जी नसते. मला या उबेचं फार वर्षांपासून कुतूहल आहे, कारण तिचं मूळ खारेपणाशी जोडलेलं आहे. आणि खारेपणा वऱ्हाडात कुणाला शिकवावा लागत नाही. दर्यापूर, अकोट, तेल्हारा या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी ज्यानं प्यायलंय, त्याला तो जिभेनंच कळतो.

डायमध्ये आयोडीन असतं. त्याचे जड अणू क्ष-किरण अडवतात, म्हणून रक्तवाहिन्या चित्रात पांढऱ्या उठून दिसतात. जुन्या डायचा रेणू पाण्यात पडताच दोन तुकड्यांत फुटायचा. तुकडे जितके जास्त, तितकी पाणी ओढण्याची ताकद जास्त. रक्ताची ही ताकद साधारण २९० धरली, तर जुने डाय १५०० ते २०००पर्यंत जायचे. कैरीच्या फोडींना मीठ लावल्यावर पाणी सुटतं, तसं पेशींतलं पाणी बाहेर खेचलं जायचं. रक्तवाहिन्या फुलायच्या, आग व्हायची. हातापायांच्या धमन्यांत डाय सोडताना तर रुग्ण कळवळायचे.

ही कळ पाहून अस्वस्थ झालेला माणूस म्हणजे स्वीडनचा रेडिओलॉजिस्ट टॉर्स्टन आल्मेन. या विषयातला माझा सर्वांत आवडता माणूस! पोहताना त्याच्या लक्षात आलं होतं : बाल्टिक समुद्राचं पाणी कमी खारट, त्यात डोळे उघडे ठेवून पोहलं तरी झोंबत नाही. स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावरचं खारट पाणी मात्र झोंबतं. रक्तवाहिन्यांनाही असंच झोंबत असेल, हे त्यानं ताडलं. मग फुटणारच नाही असा रेणू का बनवू नये? तो रसायनशास्त्रज्ञ नव्हता, तरी कागदावर रेणू मांडत बसला. औषध कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. ऑस्लोच्या नीगार्ड कंपनीनं मात्र ऐकून घेतलं. १९६९ साली त्याचा लेख आला, त्यातून मेट्रिझामाइड आणि पुढे आयोहेक्सॉल तयार झालं. आयोहेक्सॉलची ताकद आयोडीनच्या प्रमाणानुसार ६०० ते ८५०च्या आसपास असते. आयोडिक्सॅनॉल तर थेट २९०वर, म्हणजे रक्ताच्या बरोबरीला आणलेलं. आज शिरेत डाय गेल्यावर नुसती ऊब जाणवते, त्यामागे हा माणूस आहे. डायबद्दल बोलताना त्याचं नाव घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

खरी रिअ‍ॅक्शन निराळी : अंगावर गांधी उठणं, खाज, ओठ सुजणं, दम लागणं, क्वचित रक्तदाब कोसळणं. ती बहुधा काही मिनिटांत येते, म्हणून स्कॅननंतर अर्धा तास बसवून ठेवतात. गंभीर असेल तर ॲड्रिनॅलिन लागतं. जपानमधल्या तीन लाखांहून अधिक रुग्णांच्या १९९०च्या अभ्यासात गंभीर रिअ‍ॅक्शनचं प्रमाण जुन्या डायला दहा हजारांत २२, तर नव्याला ४ निघालं. पुरळ मात्र दोन-चार दिवसांनीही उठू शकतं. मासळीची ॲलर्जी असलेल्यानं डाय घेऊ नये, हा समज चुकीचा आहे. ती ॲलर्जी मासळीतल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. आयोडीन तर रोजच्या मिठातही असतं.

एमआरआयचा डाय गॅडोलिनियमचा. त्याच्या रिअ‍ॅक्शन आणखी विरळ, मात्र किडनी निकामी असलेल्यांना त्याच्या काही जुन्या प्रकारांनी कातडी टणक होण्याचा आजार झाला होता.

डाय बाहेर जातो तो मुख्यतः लघवीवाटे. किडनी ठीक असेल तर बहुतेक सगळा २४ तासांत. खारपाणपट्ट्यातल्या गावांतून किडनीच्या तक्रारी कैक वर्षांपासून येत आहेत. म्हणून इकडच्या रुग्णानं क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्यावाच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. किडनी फार मंदावली असेल, तर मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी डॉक्टर ४८ तास थांबवतात. आधी कधी रिअ‍ॅक्शन आली असेल, तर त्या डायचं नाव फाइलवर लिहून घ्यावं. पुढच्या वेळी दुसरा डाय निवडता येतो.