परमुलखांतील सहा महिने

परदेशगमन हा शब्द ऐकतांच आगबोट, विमान, पारपत्र आणि मोठ्या पगाराची नोकरी ह्या गोष्टी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. सुशिक्षित तरुण लग्न करून पत्नीसह दोन-तीन वर्षांसाठीं परदेशीं जातो, चार पैसे गांठीं बांधून परततो, आणि त्याच्या प्रवासाची हकीकत लोक आवडीनें ऐकतात. धुळें जिल्ह्याच्या साक्री तालुक्यांतूनही दरसाल दिवाळीच्या आगेंमागें शेंकडों तरुण जोडपीं परमुलखाची वाट धरतात; त्यांची हकीकत मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. त्यांची आगबोट म्हणजे मुकादमाची मालमोटार, त्यांचें पारपत्र म्हणजे मुकादमाच्या वहींतील नांव, आणि त्यांचा परदेश म्हणजे कोंडाईबारीच्या घाटापलीकडील गुजराथ. हीं जोडपीं तेथें ऊंस तोडावयास जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. हें जाणें-येणें कां घडतें, त्याचा व्यवहार कसा चालतो आणि त्यांत काय मिळतें व काय गमावतें, ह्याचा थोडा विचार करूं.

साक्री हें कान नदीच्या कांठचें गांव. तालुक्याचा पूर्वभाग कोरडा आहे. पश्चिमेस पिंपळनेर, कुडाशी ह्या बाजूला सह्याद्रीच्या रांगा लागतात आणि तेथें भिल्ल, कोकणा, मावची ह्या जमातींची वस्ती आहे. डोंगरांत पाऊस बरा पडतो, परंतु पाणी उतारावरून जसें येतें तसें निघून जातें. नागली, भात, बाजरी असें खरिपाचें एकच पीक हातीं लागतें. दिवाळीस धान्य घरांत येतें, होळीपर्यंत तें पुरतें न पुरतें, आणि मृगाचा पाऊस पडेपर्यंत शेतांत काम नसतें. तालुक्यांत भाडणें येथें पांझराकान सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. पण तोही पुढें बंद पडला व वर्षानुवर्षें बंदच राहिला. हातांना काम नाहीं आणि कणगींत दाणा नाहीं, अशा दिवसांतच घाटापलीकडे ऊंस पिकून उभा असतो.

घाटापलीकडील प्रदेशाचें नांव सर्वांच्या परिचयाचें आहे. १९२८ सालीं सरदार वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखालीं शेतसाऱ्याविरुद्ध सत्याग्रह झाला तो बारडोली तालुका हाच. स्वातंत्र्यानंतर तापी नदीवर काक्रापारचा बंधारा झाला, १९७२ सालीं उकाईचें धरण पुरें झालें, आणि कालव्यांचें पाणी सुरत जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत खेळूं लागलें. कापूस व ज्वारी मागें पडून ऊंस पुढें आला, आणि बारडोली व तिच्या आसपास सहकारी साखर कारखाने निघाले. पहिला कारखाना निघाला तेव्हां साक्री व बारडोली हीं दोन्ही ठिकाणें एकाच मुंबई राज्यांत होतीं. १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र व गुजराथ हीं राज्यें वेगळीं झालीं, आणि घाट उतरणारा मजूर एका दिवसांत परराज्याचा झाला. त्याची वाट तीच राहिली. त्याची दाद घेणारें सरकार मात्र कोणतें, हा प्रश्न तेव्हांपासून उभा राहिला.

कोणी विचारील कीं, बारडोलींत मजूर नाहींत काय? आहेत, हळपती ह्या जमातीचे भूमिहीन मजूर त्या भागांत पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. तरीही कारखाने ऊंसतोडीसाठीं बाहेरची माणसें आणतात. यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञानें १९७८ सालीं बारडोलीच्या ऊंसतोडीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत ह्याचें कारण उलगडून दाखविलें आहे. गांवच्या मजुराला घर असतें, आप्त असतात, दिवस मावळला म्हणजे तो घरीं जातो. परगांवचा मजूर फडाशेजारींच राहतो. त्याला रात्रीं-अपरात्रीं उठवितां येतें, आणि मजुरीबद्दल वाद घालण्याइतका आधार त्याच्यापाशीं नसतो. ह्याला ऊंसाच्या गुणधर्माचीही जोड आहे. तोडलेल्या ऊंसांतील साखर तासागणिक कमी होत जाते. म्हणून तो शक्य तर चोवीस तासांच्या आंत गाळला जावा लागतो. कारखान्याचें चरक रात्रंदिवस फिरतें, आणि त्याच्या गतीला गति मिळवूं शकेल असाच मजूर त्याला हवा असतो.

आतां ह्या व्यवहारांतील सर्वांत विलक्षण शब्दाकडे वळूं. तो शब्द म्हणजे 'कोयता'. ऊंसतोडीच्या हिशेबांत कोयता म्हणजे केवळ हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. पुरुष ऊंस बुडापासून तोडतो. स्त्री पाचट सोलते, वाढें छाटते, मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन मालमोटारीपर्यंत नेते. एकाचें काम दुसऱ्यावांचून अडतें, म्हणून मजुरी दोघांची मिळून टनावर ठरते. मुकादम वीस कोयते आणले असें म्हणतो, तेव्हां त्यानें चाळीस माणसें आणलेलीं असतात. अर्ध्या कोयत्याला फारशी मागणी नसल्यामुळें मुलाचें लग्न उरकून कोयता पुरा करण्याची घाई कित्येक घरांत होते, आणि त्या घाईंत मुलीचें वय पाहिलें जात नाहीं. नवी सून माहेराहून सासरीं येते आणि महिन्याभरांतच फडावर उभी राहते. संसाराचा तिचा पहिला अनुभव परमुलखांतील पाचटाचा असतो.

ह्या प्रवासाची सुरुवात मालमोटारींत बसण्यापूर्वींच झालेली असते. पावसाळ्यांत घरांतील धान्य संपलेलें असतें. कोठें लग्नाचें देणें, कोठें दुखणें, कोठें पडलेलें छप्पर. अशा वेळीं मुकादम येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे पुढें करावयाच्या कामाची आगाऊ घेतलेली रक्कम. महाराष्ट्रानें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा केला. असा कायदा प्रथम करणारें राज्य म्हणून त्याचें नांव झालें. तरीही लोक मुकादमाकडेच जात राहिले, ह्याचें रहस्य उचलींत आहे. सरकारी काम केल्यानंतर मजुरी मिळते. मुकादम गरजेच्या दिवशीं रोख पैसे हातावर ठेवतो. मात्र ज्यानें उचल घेतली त्याला काम निवडतां येत नाहीं, आणि हंगाम संपण्यापूर्वीं सोडतांही येत नाहीं.

हिशेबाची रीत उदाहरणानें अधिक स्पष्ट होईल. गुजराथ सरकारनें गेल्या कांहीं वर्षांत ऊंसतोडीचा किमान दर टनामागें २३८ रुपयांवरून ४७६ रुपये केला. एका कोयत्यानें दिवसास एक टन ऊंस तोडून बांधला असें धरलें, तर नवरा-बायकोस प्रत्येकीं २३८ रुपये पडतात. समजा, एका जोडप्यानें तीस हजार रुपये उचल घेतली. ती फेडावयास ६३ दिवसांची तोड लागेल. परंतु धान्याच्या व्यवहारांत जशी सवाई-दिढी चालते, तशी उचलीवरही कित्येक मुकादम दिढी लावतात. मग तीस हजारांचे पंचेचाळीस हजार होतात आणि फेडीस ९५ दिवस लागतात. म्हणजे बत्तीस दिवस दोन माणसें नुसत्या व्याजासाठीं राबलीं. ह्याशिवाय पंधरा दिवसांनीं पोटापुरतें धान्य व थोडी रोकड देतात, तिला खावटी म्हणतात; तीही हिशेबांतून वजा होते. उरलेली रक्कम हंगामाच्या अखेरीस मुकादमाच्या हातून मिळते. आजारपणाचे दिवस 'खाडा' म्हणून मांडले जातात. वही मुकादमाची आणि वजन कारखान्याचें; मजुरापाशीं बहुधा स्मरणशक्तीवांचून दुसरा पुरावा नसतो.

फडाशेजारच्या मोकळ्या जागेंत बांबू, पाचट आणि ताडपत्री ह्यांची कोपी उभारतात. तींत उभें राहतां येत नाहीं. स्त्री पहाटे सर्वांच्या आधीं उठते, पाणी भरते, दिवसभराच्या भाकरी थापते आणि मग फडावर जाते. दिवस मावळल्यावर मालमोटार येते तेव्हां मोळ्या भरण्याचें काम पुन्हां सुरू होतें. गरोदरपणांतही हा क्रम फारसा सुटत नाहीं, कारण स्त्री थांबली कीं कोयता मोडतो. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड करणाऱ्या स्त्रियांमध्यें गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचें प्रमाण फार मोठें असल्याचें उघडकीस आलें, तेव्हां २०१९ सालीं महाराष्ट्र सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमावी लागली. साक्रीपासून बीड दूर आहे. परंतु कोयत्याचा हिशेब दोन्हींकडे एकच आहे.

मुलांचा प्रश्न ह्याहून नाजूक आहे. खानदेशची अहिराणी बोली गुजराथीला जवळची असल्यामुळें आईबापांचा बाजारहाट कसाबसा भागतो. शाळेंतील मुलाचें तसें भागत नाहीं. साक्रीच्या शाळेंत शिरोरेघेखालीं अक्षरें काढावयास शिकलेलें मूल ऐन सहामाहींत उठतें, आणि जेथें जातें तेथील लिपीला शिरोरेघच नसते. २००९ च्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. परंतु जें मूल अर्धें वर्ष एका राज्यांत व अर्धें दुसऱ्या राज्यांत असतें, तें दोन्हीं हजेरीपटांवर गैरहजर राहतें. आजी-आजोबांपाशीं अगर हंगामी वसतिगृहांत मागें राहिलेलीं मुलें शिकतात. फडावर गेलेलीं मुलें धाकट्या भावंडांस सांभाळतात, आणि हाताला बळ येतांच कोयता उचलतात.

कायदे झालेच नाहींत असें नाहीं. १९७९ सालीं आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा कायदा झाला. कंत्राटदारानें पांच किंवा अधिक परप्रांतीय मजूर आणल्यास प्रत्येकास छायाचित्रासह हिशेबाचें पुस्तक द्यावें, जाण्या-येण्याचें भाडें द्यावें, आणि निम्म्या मासिक वेतनाइतका स्थलांतर भत्ता द्यावा, असें त्यांत होतें; कंत्राटदारानें मजुरी बुडविली तर ती मूळ मालकानें भरावयाची होती. २०२० सालीं हा कायदा नव्या कामगार संहितेंत विलीन करण्यांत आला. तींत प्रवासभाडें राहिलें, स्थलांतर भत्ता गेला. ह्या सर्व तरतुदींत हिशेबाच्या पुस्तकाचें महत्त्व विशेष आहे. टन व उचल ह्यांची नोंद ज्याच्या स्वतःच्या हातीं आहे, त्याला कज्जा सांगतां येतो. एक सोय मात्र खरोखर उपयोगाची झाली: ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्राच्या शिधापत्रिकेवर गुजराथेंत धान्य घेण्याची योजना सुरू झाली. दुकानांतील धान्य मिळालें तर खावटीचें ओझें तेवढें हलकें होतें. पण त्यासाठीं हा हक्क आहे हें ठाऊक पाहिजे.

मूळ दुखण्यावरील औषध तालुक्यांतच पाहावयास मिळतें. पिंपळनेरच्या बाजूस बारीपाडा नांवाचा कोकणा लोकांचा लहानसा पाडा आहे. १९९० नंतरच्या दशकारंभीं तेथील रान तुटून गेलें होतें आणि विहिरी आटल्या होत्या. चैत्राम पवार ह्यांच्या पुढाकारानें गांवानें स्वतःचे नियम केले, कुऱ्हाडबंदी केली, दगडी बांध घातले, आणि चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखलें. पाणी मुरूं लागलें, विहिरींना पाझर फुटला, दुसरें पीक येऊं लागलें, आणि कामासाठीं गांव सोडून जाणें कमी झालें. ह्या कार्याबद्दल २०२५ सालीं पवार ह्यांना पद्मश्री जाहीर झाली. जें पाणी पूर्वीं उतारावरून वाहून जात होतें, त्याच्याबरोबर माणसेंही वाहून जात होतीं. पाणी अडलें तशीं माणसेंही थांबलीं.

अर्थात् प्रत्येक पाडा एका वर्षांत बारीपाडा होणार नाहीं, आणि तोंवर घाट उतरणें चालूंच राहील. कामासाठीं परमुलखांत जाणें ही लाजेची गोष्ट नव्हे. मनुष्यजात सदैव तसें करीत आली आहे. परंतु परदेशीं जाणाऱ्या नोकरदारापाशीं करारपत्र असतें, पगाराचा आंकडा त्याला ठाऊक असतो, आणि नोकरी सोडण्याची मुभा असते. ह्या तीन गोष्टी साक्रीच्या जोडप्यासही मिळाल्या पाहिजेत. नवरा-बायकोच्या नांवांवर वेगवेगळी मजुरी मांडली जावी, हिशेबाचें पुस्तक त्यांच्या गांठोड्यांत असावें, आणि मुलाचें नांव हजेरीपटावर टिकावें. इतकें झालें तर तीं दोघें कोयता न राहतां पुन्हां दोन माणसें होतील.