रंगांची भाषा

माहुलपासून परळ फार दूर नाही. तेथे १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय आहे. कर्करोग झालेली मुले तेथे दूरदूरच्या राज्यांतून येतात. उपचार अनेक महिने चालतात. औषधांनी केस गळतात, मळमळते. शाळा सुटते. काहींना मराठी येत नाही, काहींना हिंदी. मग मनातली भीती सांगायची कशी?

अशा वेळी चित्रकला, मातीकाम व संगीत उपयोगी पडते. मूल काळा ढग रंगवते. मातीचा राक्षस करून मोडते. त्यावरून डॉक्टरांना व आईवडिलांना त्याचे मन कळते.

रंगांनी कर्करोग बरा होत नाही; ते काम औषधांचे. पण मन हलके झाले, की औषध सोसणे थोडे सोपे जाते.